बॉयलरला शुद्ध पाणी, ट्रॅक्टरला बोअरचे!



गळीत हंगाम भरात आला म्हणजे कारखान्याच्या रस्त्यावर एक दृश्य हटकून दिसते. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर कडेला उभा असतो, बॉनेट उघडे असते, रेडिएटरातून वाफ निघत असते आणि ड्रायव्हर जवळच्या विहिरीवरून कॅन भरून आणत असतो. ऊसतोडणी यंत्राची तऱ्हाही निराळी नाही. ते रस्त्याऐवजी फडातच दम टाकते, इतकेच. येणारा-जाणारा म्हणतो, "ड्रायव्हरनं दामटलं असंल." आमच्या मते यात ड्रायव्हरचा दोष थोडा आणि आपल्या सर्वांच्या सवयींचा दोष मोठा आहे. म्हणून हे चार शब्द.

जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामाला लागते. बाकीची सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. ती बाहेर पडायची वाट अडली की इंजिन तापणारच, मग ते कितीही महागाचे असो. पूर्वी बैलाने जीभ बाहेर काढली की गाडीवान न सांगता जू सोडायचा. इंजिनची जीभ म्हणजे डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा. तो कित्येक ट्रॅक्टरवर बंद पडलेला असतो आणि मालकाला त्याचे काही वाटत नाही, हे मोठे नवल आहे.

वाट अडवणारी पहिली चीज म्हणजे पाचट. तोडणी यंत्राचा पंखा पाचट बाहेर फेकतो आणि रेडिएटरचा पंखा त्याच हवेतला बारीक भुसा आत ओढतो. कुठे ऑइल पाझरत असेल तर त्या भुशाचा लेप तयार होतो. फेब्रुवारी-मार्चात पाला कडकडीत वाळलेला असतो, त्या वेळी दिवसातून एकदा साफ करून भागत नाही. साफ करतानाही बरेच जण समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारतात. त्याने भुसा आणखी आत रुततो, चिखल होतो आणि पातळ पत्रे वाकतात. हवा मारावी ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, आणि बेताच्या दाबाने. इंजिनभोवतीचे पाचटही त्याच वेळी काढावे. तापलेल्या टर्बोवर आणि सायलेन्सरवर वाळके पाचट पेटते आणि लाखोंचे यंत्र उभे जळते.

दुसरी चीज आहे पाणी, आणि आमचा खरा मुद्दा तोच आहे.

आपल्या कारखान्यात बॉयलरला कोणी बोअरचे पाणी घालील काय? चीफ इंजिनिअर घालू देणार नाहीत. त्यासाठी क्षार काढायची स्वतंत्र यंत्रणा असते, माणसे असतात, दर पाळीला तपासणी असते. रस आटवण्याच्या पात्रांतील नळ्यांना थर बसला की वाफ असूनही रस आटत नाही, म्हणून ऐन हंगामात त्यांची सफाई काढावी लागते, हे कामगारापासून संचालकापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. इंजिनच्या वॉटर जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत नेमके हेच घडते. तिथे मात्र आपण विहीर, बोअर, पाट, जे हाताशी येईल ते ओततो. शिरोळ, मिरज, वाळवा भागातील क्षारपड जमिनी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ज्या पाण्याने शिवार पांढरे पडते ते पाणी इंजिनात काय करीत असेल?

थर बसला की उष्णता लोखंडातून पाण्यात उतरत नाही. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, बेल्ट ताठ असतो, तरी चढावर काटा लाल पट्ट्यात जातो. अशा वेळी इंजिन थंड झाल्यावर चालू करावे आणि पाणी गरम होऊन फिरू लागले की रेडिएटरवर हात फिरवून पाहावा, पंखा सांभाळून. मधला भाग गार लागला तर नळ्या तुंबल्या असे समजावे.

नुसते शुद्ध पाणीही पुरत नाही, त्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट हवे. ते फक्त थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून असते, हा गैरसमज आहे. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते. लायनरच्या थरथरण्याने पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लायनर बाहेरून पोखरत जातो. शेवटी टाचणीच्या टोकाएवढे भोक पडून पाणी आत उतरते. कूलंटातील औषध हे पोखरणे रोखते. कूलंटचा डबा महाग वाटतो खरा, पण लायनर-पिस्टनच्या कामाचे बिल ज्याने भरले त्याला विचारावे.

थर्मोस्टॅटविषयी तर बोलू नये इतका गोंधळ आहे. गाडी तापली की मिस्त्री पहिल्यांदा तो काढून फेकतो. "आपल्याकडं काय थंडी पडतीय?" असे वर म्हणतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरात न जाता आडवाटेनेच फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते. जिथे तापत नाही तिथे ते थंडच चालते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅट बिघडला आहे की नाही हे घरी कळते. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो सोडावा; त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला तर चांगला आहे. रेडिएटरचे झाकणही असेच दुर्लक्षित. ते अर्धा किलो दाब धरते म्हणून पाणी सुमारे १११ अंशापर्यंत उकळत नाही. रबर गेलेल्या झाकणाऐवजी फडके कोंबणाऱ्यांना तो फायदा मिळत नाही.

आणि तरीही गाडी तापलीच तर घाई करू नये. पाणी शाबूत असेल तर भार काढून दोन-तीन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवावे. पाणी सांडून गेले असेल तर लगेच बंद करावे. गरम झाकण उघडू नये, त्याने चेहरा-हात भाजतात. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड तडकते. थंड झाल्यावर पाणी भरून इंजिन चालू केले आणि रेडिएटरात सारखे बुडबुडे आले, किंवा ऑइल दुधासारखे दिसले, तर हेड गॅस्केट गेले असे समजून ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून न्यावा.

आता कोणी म्हणेल, ज्याचे यंत्र त्याने बघावे, कारखान्याला काय त्याचे? आम्हांस हे पटत नाही. यंत्र फडात बंद पडले की तोडलेला ऊस सभासदाचा वाळतो, वजन सभासदाचे घटते. इकडे गव्हाण मोकळी पडून 'नो केन'ची नोंद होते. तोडणी-वाहतुकीची उचल कारखाना देतो. २०२३ साली शासनाने तोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतील कमी असेल ते, असे अनुदान जाहीर केले. म्हणजे त्यात जनतेचाही पैसा आहे. आणि खेपांच्या घाईत दुपारी अर्धा तास यंत्र थांबले की चिटबॉयपासून सगळे विचारतात, "का थांबलाय?" त्या अर्ध्या तासात रेडिएटर साफ होत असेल तर तो वेळ करारात धरलेला असावा.

संचालक मंडळाकडे आमचे मागणे मोठे नाही. तोडणी-वाहतूक करारावर सही होण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा तापमान काटा, बेल्ट, होस पाइप, झाकण आणि कूलंट वर्कशॉपच्या फिटरने पाहावे. बॉयलरसाठी शुद्ध केलेल्या पाण्यातले थोडे पाणी वाहनांना द्यावे. एवढ्याने बॉयलरला काही कमी पडणार नाही. कूलंट सभासद भांडारात खरेदीच्या भावाने ठेवावे. हवेचा कॉम्प्रेसर रिकाम्या वजनाच्या काट्यापलीकडे बसवावा. तिथे ट्रॉल्या रिकाम्या असतात, मागे भरलेल्या गाड्यांची रांग नसते आणि पावती घ्यायला ड्रायव्हर तसाही खाली उतरतो.