फटीतला निरोप

आर्ट्‌सच्या मुलांना चेतापेशी कशाला हव्यात, असा प्रश्न आमच्या वर्गात नेहमी निघतो. मानसशास्त्राच्या पेपरातले ते प्रकरण बहुतेक जण ‘ऑप्शनला’ टाकतात. मीही टाकणार होतो. पण वहीत आकृती काढता काढता बाबांची आठवण झाली.

चेतापेशीच्या आत निरोप विजेच्या लाटेसारखा धावतो. आवरणातून सोडियमचे कण आत घुसतात, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडते, आणि लाट पुढे सरकते. टोकाला मात्र फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडते ते रसायन. ऑटो लोवी यांनी १९२१ साली ऑस्ट्रियात बेडकाच्या दोन हृदयांवर हे दाखवले. एकाचा चेतातंतू चेतवून ते मंदावले. त्यातला द्रव दुसऱ्याला दिला, तर तेही मंदावले! (प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला. आमच्या स्वप्नात फक्त हॉलतिकीट येते.) ते रसायन अॅसिटिलकोलीन. आपल्या स्नायूंनाही हुकूम पोचतो तो त्याच्याकरवीच.

काम झाले की ते लगेच मोडावे लागते. त्यासाठी एक विकर असते. पऱ्हाटीवर मारायची ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधे नेमके हे विकर बंद पाडतात, किडीचेही आणि माणसाचेही. निरोप थांबतच नाही.

मी नववीत असताना बाबा फवारणीवरून आले ते घामाने निथळत, तोंडातून लाळ गळत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजारी म्हणाले, ऊन लागले. लिंबूपाण्यात दोन तास गेले. दवाखान्यात अॅट्रोपीन मिळाले म्हणून वाचले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेकडो जणांना विषबाधा झाली होती; त्यातले कित्येक घरी परतले नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की, हे प्रकरण व्याख्या पाठ करून संपवू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दरवर्षी तीच गटारे उपसतो. एक संध्याकाळ पारावर बसून डब्यावरचा त्रिकोण का समजावू नये? लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विष कातडीतूनही आत जाते, म्हणून कपडे काढून साबणाने अंग धुवायचे, आणि दवाखान्यात डबा सोबत न्यायचा. एवढे सांगायला सायन्सची पदवी लागत नाही.

दिवाळीच्या सुटीत बाबांना ती आकृती दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाले, “मंग हे डब्यावर काहून नाही लिवत?”

मी कोठ्यातून डबा शोधून आणला. लिहिलेले होते. मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि बाबांनी शाळा सोडली ती दुसरीत.