कोणापुढें गावें?

लोकप्रिय गायकांविषयीं आपल्या समाजांत दोन मतें आढळतात. वडील मंडळी म्हणतात, 'हें चार दिवसांचें वेड. त्यांत घेण्यासारखें काय आहे?' तरुण मंडळी म्हणतात, 'ज्याच्या तबकड्या लाखांनीं खपतात तोच मोठा!' हीं दोन्ही मतें मला अपुरीं वाटतात. आणि त्यास प्रमाण म्हणून मी डस्टी स्प्रिंगफील्ड ह्या इंग्रज गायिकेचें चरित्र पुढें करतों.

तिचा जन्म १९३९ सालीं लंडन शहरांत झाला. मूळ नांव मेरी ओब्रायन. कॉन्व्हेंट शाळेंत शिकलेल्या ह्या मुलीनें गाण्याचा व्यवसाय पत्करला, भावासह तिघांच्या मेळ्यांत गाऊन नांव मिळविलें, आणि १९६३ च्या अखेरीस ती स्वतंत्रपणें गाऊं लागली. पहिल्याच तबकडीनें तिला कीर्ति दिली. परंतु चर्चा झाली ती बहुधा तिच्या उंच केशरचनेची व काजळानें माखलेल्या डोळ्यांची!

खरी परीक्षा १९६४ च्या डिसेंबरांत आली. ती दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली. ज्या देशांत १८९३ सालीं गांधीजींस केवळ वर्णामुळें आगगाडींतून खालीं उतरविण्यांत आलें, त्याच देशांत १९४८ पासून वर्णभेद हें सरकारचें उघड धोरण होऊन बसलें होतें. गोऱ्यांस व काळ्यांस वेगवेगळें बसविणाऱ्या सभागृहांत आपण गाणार नाहीं, अशी अट डस्टीनें करारांतच घातली होती. सरकारास ती रुचली नाहीं. कांहीं कार्यक्रम होतात न होतात तोंच तिला देश सोडावा लागला.

'गायिकेनें गावें, राजकारणांत कशाला पडावें?' असें येथें कोणी विचारील. परंतु तिनें कोणाचें राज्य उलथून टाकण्याचा घाट घातला नव्हता. तिकीट काढणाऱ्या दोन माणसांस शेजारीं बसूं द्या, एवढेंच तिचें मागणें होतें. गळा तिचा, तो कोणत्या अटीवर द्यावयाचा हें ठरविण्याचा अधिकारही तिचाच. शिवाय तिच्या गाण्याचें वळण अमेरिकेंतील काळ्या गायकांपासून घेतलेलें. १९६५ सालीं मोटाउन कंपनीच्या अशा गायकांचा खास कार्यक्रम इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर तिनेंच सादर केला. ज्यांच्यापासून विद्या घेतली, त्यांच्या वर्णाच्या श्रोत्यांस दूर बसवून गाणें, हा गुरुद्रोहच झाला असता.

आतां तरुणांच्या मापाविषयीं. १९६९ चा तिचा 'डस्टी इन मेम्फिस' हा संग्रह त्या वेळीं बेताचाच खपला. आज जाणकार त्यास तिची सर्वोत्तम कृति मानतात. पुढील कित्येक वर्षें उपेक्षेंत व व्यसनांत गेलीं. त्या व्यसनांचें समर्थन कोणीं करूं नये. तरी १९८७ सालीं 'पेट शॉप बॉइज' ह्यांच्यासह गायिलेलें तिचें गाणें इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोंचलें. १९९९ च्या मार्चमध्यें ती निवर्तली.

विद्यार्थिमित्रांनो, सूर कसा लावावा हें गायनमास्तर शिकवितील. कोणत्या अटीवर गावें हें मात्र ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें. आणि पालकहो, मुलाच्या गाण्यास टाळ्या किती पडल्या हें जरूर विचारा; पण त्या सभागृहाचें दार कोणास बंद तर नव्हतें ना, हेंही त्यास विचारीत जा.