विस्मृतीतल्या माणसाच्या हाती टाळ

गोल्फ हा खेळ महाड-पोलादपूरच्या वाचकाला परका आहे आणि त्याचे कारणही उघड आहे. सावित्रीच्या खोऱ्यात जी थोडी सपाट जमीन आहे ती भाताच्या खाचरांनी व्यापलेली, उरलेली वरकस, आणि तिच्यावर सह्याद्रीचे कडे. परंतु ज्या स्कॉटलंडात हा खेळ वाढला तेथे तो केवळ धनिकांचा नाही. सेंट अँड्र्यूजचे प्राचीन मैदान आजही सार्वजनिक मालकीचे आहे, आणि त्या देशातील कित्येक सामान्य कारागिरांनी व कारकुनांनी कोवळ्या वयापासून गोल्फचा दांडू हाती धरलेला असतो. म्हणूनच तेथील आणि इंग्लंडातील काही मंडळींनी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांना पुन्हा मैदानावर नेण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्याचा आपणही गांभीर्याने विचार करावा असे मला वाटते.

तेथे घडते ते असे. ज्या गृहस्थाला आज वार कोणता हे सांगता येत नाही, समोर उभी असलेली आपली पत्नी आहे की बहीण याचाही ज्याला संभ्रम पडतो, त्याच्या हाती कोणी दांडू ठेवला म्हणजे त्याची बोटे आपोआप योग्य जागी बसतात, पावले अंतर राखून स्थिरावतात, आणि चेंडू हळूच गवतावरून खळग्याकडे जातो. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवतात, त्याचा चेहरा उजळतो. आणि तेवढा वेळ त्याची पत्नी क्लबच्या दालनात, तिच्याच वाट्याचे दुःख भोगणाऱ्या इतर स्त्रियांबरोबर चहा घेत निवांत बसलेली असते. या खेळाने रोग बरा होत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. पण दोन जीवांचे दोन तास माणसांसारखे जातात.

यामागील कारण शरीरशास्त्रात आहे. या विकाराचे सर्वात सामान्य रूप म्हणजे अल्झायमर. १९०६ साली त्याचे वर्णन करणाऱ्या जर्मन वैद्याच्या नावावरून ते ओळखले जाते. हा रोग प्रथम आघात करतो तो मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नामक भागावर, जेथे नव्या घटनांची नोंद होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये मात्र लहान मेंदूत व अन्य खोल केंद्रांत वसत असल्यामुळे पुष्कळ काळ टिकून राहतात. गोल्फचा चेंडू मारीपर्यंत जागचा हलत नाही, अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी नसतो, घाई नसते. म्हणून ऐंशीच्या वयातही तो झेपतो.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. रायगड जिल्ह्याचा खेळ कबड्डी; तो पाहताना जुन्या खेळाडूचे डोळे जरूर चमकतील, जसे फुटबॉलच्या जुन्या छायाचित्रांनी स्कॉटलंडातील वृद्धांचे चमकतात; पण त्या वयात चढाई करता येणार नाही. तेव्हा गोल्फची जागा घेऊ शकेल असे काय आहे? माझे उत्तर आहे, भजन. महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत विठ्ठलमंदिर नाही किंवा एकादशीला टाळ वाजत नाही असे गाव शोधावेच लागेल. पन्नास वर्षे ज्याने मृदंग वाजविला त्या वृद्धाला सकाळी काय खाल्ले हे आठवणार नाही. परंतु पेटीवर चाल धरली की त्याची बोटे मांडीवर ठेका धरतील, आणि अभंगाच्या धृपदावर त्याचे ओठ बरोबर हलतील. अशा माणसाच्या हाती टाळ द्यावा, त्याला मंडळींच्या मधोमध बसवावे, चुकला तर कोणी हसू नये. यासाठी एका पैशाचाही खर्च नाही.

प्रत्यक्षात मात्र आपण नेमके उलट करतो. म्हातारचळ लागला म्हणून हसतो, मग लाज वाटते म्हणून माजघरात कोंडतो. दिवेलागणीला "मला घरी जायाचंय" म्हणत स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर पडणारा सासरा आणि "आबा, हे आपलंच घर" असे समजावीत त्याच्या मागे धावणारी सून, हे दृश्य डोंगरातल्या वाड्यांना अपरिचित नाही. नवरा मुंबईला किंवा सुरतेला नोकरीत, शेजारची दोन घरे कुलूपबंद, पायवाटेखाली ओढा. पावसाळ्यात तर संकट दुणावते. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळल्यापासून धोक्याच्या वाड्या अतिवृष्टीत हलविण्याची तजवीज होते, ती आवश्यकच आहे. पण शाळेच्या अनोळखी वर्गखोलीत मध्यरात्री जागा झालेला असा वृद्ध किती भेदरत असेल, याची नोंद कोणत्याही कचेरीच्या दप्तरी होत नाही. त्याच्या नेहमीच्या घोंगडीबरोबर त्याचा टाळही सोबत नेला जावा, आणि आपत्तीच्या यादीत त्याच्या नावापुढे तशी खूण असावी.

हा प्रश्न चार घरांचा आहे अशी समजूत असेल तर ती टाकून द्यावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, आणि त्यांचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. वृद्धांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे मुंबईसारख्या शहरात आहेत. पोलादपूरच्या कुणब्याला त्यांचा काय उपयोग? येथे आशा सेविकेनेच असे वृद्ध हेरून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावेत, कारण थायरॉइडचा दोष, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव किंवा खिन्नता यांनीही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.

स्त्रियांविषयी मात्र वेगळे लिहिणे भाग आहे, कारण भजनी मंडळ बहुतेक ठिकाणी पुरुषांचेच. ज्या आजीने आयुष्यभर सूप हाती घेऊन तांदूळ पाखडले, तिच्यासमोर सूपभर तांदूळ ठेवून पाहावे. मनगटाचा तो विशिष्ट हेलकावा, कोंडा पुढे उडविणारा आणि कणी एका कडेला जमविणारा, तिला कोणी शिकवावा लागणार नाही. गौरीच्या गाण्यांना तिला बसवावे, फेर धरता आला नाही तरी टाळी देता येईल. तिने पाखडलेले तांदूळ पुन्हा निवडावे लागले तरी चालेल, पण ते तिच्या देखत निवडू नयेत.

आणि सुनेचे काय? गोल्फच्या त्या उपक्रमातील मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग तो चहाचा आहे. एकादशीला आबा मंदिरात बसले असताना त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची पाळी मंडळींनी आपसात लावून घ्यावी, म्हणजे तिला तासभर फुरसत मिळेल. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा त्यांनी आरतीबरोबर आपल्या बापाचे औषध, आंघोळ आणि रात्रीचा पहारा यांची जबाबदारीही घ्यावी आणि त्या दिवसांत तिला दोन रात्री माहेरी पाठवावे. ती मागणार नाही, म्हणून तिने मागण्याची वाट पाहू नये.