वेळ कोणाचा?

अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींस व्याख्यानांचें एक नवें व्यसन जडलें आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत, कचेरीच्या प्रशिक्षणवर्गांत, ग्रंथालयाच्या वर्धापनदिनीं, जिकडे जावें तिकडे कोणी तरी वेळेच्या नियोजनावर बोलत असतो. पहाटे उठा, दिवसाचें वेळापत्रक आंखा, महत्त्वाचें काम आधीं उरका, हातांतील दूरध्वनि दूर ठेवा. या उपदेशांत वाईट असें कांहींच नाहीं. आम्हीही तो पाळण्याचा यत्न करतों आणि बहुधा फसतों. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याचा वेळ त्याच्याच मुठींत असतो, असें हे वक्ते गृहीत धरून चालतात. भंडारा जिल्ह्यांत राहून ज्यानें डोळे उघडे ठेवले आहेत त्यास हें गृहीत क्षणभरही पटणार नाहीं.

आधीं घड्याळाचीच गोष्ट घ्या. 1906 च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईकरांनीं मात्र आपली 39 मिनिटें मागची वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं. आमच्या भंडाऱ्याचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारें 11 मिनिटें मागेंच चालतो. पण त्याबद्दल येथें कोणी भांडल्याचें ऐकिवांत नाहीं. येथें वेळ चोरीस जातो तो मिनिटांनीं नव्हे, दिवसांनीं आणि हंगामांनीं.

हा धानाचा मुलूख. मृगाचा किंवा आर्द्रेचा पाऊस पडला कीं पऱ्हे टाकावयाचे आणि तीन-साडेतीन आठवड्यांत ते उपटून बांधींत रोवावयाचे. पाणी लांबलें, पऱ्हे म्हातारे झाले, कीं फुटवे कमी येतात आणि वर्षाचें उत्पन्न घटतें. इतकें काटेकोर वेळापत्रक कोणत्या कचेरींत पाळलें जातें तें आम्हांस कोणीं दाखवावें. तरीही चिखलांत वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बाईकडे पाहून, ‘या लोकांना वेळेची किंमतच नाहीं,’ असें पंख्याखालून बोलणारे महाभाग आम्हीं ऐकले आहेत.

ही किंमत येथें किती जुनी आहे याची साक्ष गांवोगांवचे तलाव देतात. कोहळी समाजानें ते बांधले. 1999 सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यांत असलेला नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें सांगतात. पाऊस अडवून ठेवावा आणि धानाला नेमका पाहिजे त्या आठवड्यांत सोडावा, हें वेळेचें नियोजन नव्हे तर काय? 1951 सालीं मालगुजारी गेली. ती गेली हें योग्यच झालें, त्याबद्दल आम्ही अश्रु ढाळणार नाहीं. पण तिच्याबरोबर तलाव सरकारकडे गेले, आणि गाळ केव्हां काढावा, पाळ केव्हां दुरुस्त करावी, हें ठरविण्याचा अधिकारही गांवाच्या हातून निसटला. ज्याची बांधी कोरडी पडते त्यानें अर्ज लिहावा आणि वाट पाहावी, असा क्रम सुरू झाला.

या क्रमाचें सर्वांत मोठें उदाहरण पवनी तालुक्यांत वैनगंगेवर उभें आहे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजीं बसविली गेली. खर्चाचा अंदाज तेव्हां 372 कोटींचा होता. तो पुढें किती पटींनीं फुगला तें वर्तमानपत्रें वाचणारांस सांगावयास नको. 2009 सालीं धरणास राष्ट्रीय प्रकल्पाचा मान मिळाला, आणि 2020 उलटल्यावरही कालव्यांचीं कामें चालूच होतीं. कोनशिलेच्या दिवशीं जो शेतकरी पंचविशींत होता तो त्या वेळीं पन्नाशी ओलांडून गेला होता. पहाटे उठून वेळापत्रक आंखल्यानें त्याचीं तीं वर्षें परत आलीं असतीं काय?

आमचे नोकरदार मित्र येथें रागावतील. शासनानें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ कोणत्याही टेबलावर कागद अडकूं नये, असा 2005 चा कायदा आहे. ठराविक मुदतींत सेवा मिळण्याचा हक्क 2015 च्या कायद्यानें दिला. 2020 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस शासकीय कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा मिळाला व त्याबदल्यांत सकाळी पावणेदहा ते सायंकाळीं सव्वासहा अशी वेळ ठरली. नोकराच्या विश्रांतीचा हिशेब झाला, कागदाच्या मुक्कामाचाही झाला. बांकावर बसलेल्या माणसाचा तेवढा राहिला.

गेल्या पावसाळ्यांत असाच एकजण एका कचेरीच्या ओसरीवर आम्हांस भेटला. सातबाऱ्यावर नांवाचें एक अक्षर चुकलें होतें, आणि त्याची ती तिसरी खेप होती. पहिल्या दिवशीं साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या दिवशीं यंत्र बंद होतें, तिसऱ्या दिवशीं जेवणाची सुटी लांबली होती. घरीं पऱ्हे तयार होते आणि रोवणीच्या बाया दुसऱ्याच्या शेतावर जाऊं लागल्या होत्या. ‘आणखी दोन दिवसांनीं या’ असें ऐकल्यावर तो कारकुनाला एवढेंच म्हणाला, “पानी थांबते का जी?” कारकुनानें मान वर केली नाहीं.

आमची मागणी अगदीं साधी आहे. नोकरांची हजेरी प्रत्येक कचेरींत लागते; येणारांची कां लागूं नये? माणूस किती वाजतां आला, किती वाजतां परतला आणि कितवी खेप होती, हें एका वहींत लिहावें व महिन्याच्या अखेरीस ती बेरीज दारावर लावावी. मग नियोजनावर कोणीं कोणास व्याख्यान द्यावयाचें तें आपोआप ठरेल.

पण कचेऱ्यांवर सगळें ढकलून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. विडी वळणाऱ्या बायांचें येथें काय होतें पाहा. 1966 च्या कायद्यानें घरीं बसून विडी वळणारीसही कामगार मानलें. तथापि तिची मजुरी हजारावर मिळते, तासावर नाहीं. पानें भिजविणें, कापणें, तंबाखू भरणें, दोरा बांधणें यांतला जो क्षण हातांतून सुटला तो तिच्याच पदरचा गेला. माल देण्यासाठीं कारखान्याच्या दाराशीं ताटकळलेला वेळ कोणाच्याही खातीं जमा होत नाहीं.

अशीच एक बाई एके दिवशीं दुपारीं अर्ज लिहून घेण्यास आमच्या घरीं आली. जेवणानंतर एक तास वाचनाचा, हा नियम आम्हीं नुकताच घालून घेतला होता आणि त्याचा आम्हांस अभिमानही वाटत होता. “जरा बसा,” असें आम्ही आंतूनच म्हणालों. ती पायरीवर बसली. वाचतां वाचतां डोळा लागला. उठून अर्ज लिहून दिला तेव्हां साडेचार वाजून गेले होते. कपाळाला आठी न घालतां ती नमस्कार करून गेली. दुसऱ्या दिवशीं तिच्या शेजारणीकडून कळलें कीं, आदल्या दिवशीं तिच्या सातशेंच विड्या भरल्या. आम्हीं विचारलें नव्हतें, आणि तिनेंही सांगितलें नव्हतें.