डायलरचा पदर उलटून बघा!

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन. "ताई, डायलर घेतोय. डेमो बघितला, एकदम सॉलिड! सोमवारी चेक देऊन टाकतो."

डायलर म्हणजे यादीतले नंबर स्वतःच फिरवणारी सिस्टिम. समोरच्याने उचलला की कॉल मोकळ्या मुलीच्या हेडफोनवर. भावाचं ऑफिस मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत. वॉटर प्युरिफायरची विक्री आणि सर्व्हिस. पाच मुली, पाच मोबाइल आणि एक जाडजूड रजिस्टर. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे होते, आणि ते मावशीच्या एफडीतून येणार होते. म्हणून शनिवारी मी तिकडे धडकले. सेल्समनलाही बोलावून घेतलं.

बॉस, पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतो की नाही? अस्सल असेल तर दोन्हीकडून सारखी दिसते. आणि सॉफ्टवेअर मात्र सेल्समनच्या लॅपटॉपवर, त्यानेच भरलेल्या यादीवर बघून 'वॉव' म्हणायचं!

या डायलरचा मेन फंडा होता 'प्रेडिक्टिव्ह'. मुली पाच, पण मशीन एकदम दहा नंबर लावणार. निम्मे लोक उचलणारच नाहीत, हा त्याचा अंदाज. साठ जणांच्या कॉल सेंटरमध्ये तो बऱ्यापैकी जमतो, कारण आकडा मोठा असला की सरासरी सांभाळून घेते. पाच जणींत कसली सरासरी? सात लोकांनी उचलला की दोघांच्या कानात नुसती शांतता. आपल्याला येणारे ब्लँक कॉल बरेचदा हेच असतात. अमेरिकेत सेल्स कॉल करणाऱ्यांना उचललेल्या कॉलपैकी ३ टक्क्यांपेक्षा जास्त असे वाऱ्यावर सोडता येत नाहीत. (किती कॉलना किती लाइन पुरतील, या गणिताचा पहिला पेपर कोपनहेगनच्या अर्लांगने १९०९ साली लिहिला. आपल्याकडे नको असलेल्या कॉलची तक्रार करायचा नंबर कोणता? १९०९! योगायोगच, पण मला जाम आवडतो.) पाच जणींच्या ऑफिसला साधा प्रकार पुरे. एक मुलगी मोकळी, एक नंबर फिरला.

मग मी विचारलं, कॉल कुठल्या नंबरवरून जाणार?

"ते आमच्यावर सोडा मॅडम. साधे दहा आकडी नंबर देऊ, लोक पटकन उचलतात."

इथे माझे कान टवकारले. जाहिरातीचे कॉल करायचे तर 'ट्राय'च्या २०१८च्या नियमांप्रमाणे आधी टेलिकॉम कंपनीकडे रजिस्ट्रेशन, आणि कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर ऑटो डायलर वापरणार असाल तर तेही आधी कळवायचं. रजिस्ट्रेशन न करता असे कॉल करणाऱ्यांची सगळी कनेक्शन्स तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघालाय. सगळी म्हणजे सगळी. गेली सात वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्युरिफायरवर ज्याचं स्टिकर चिकटलंय, तो नंबरसुद्धा! भावाचा चेहरा उतरला.

सेल्समनने तीन जुन्या ग्राहकांचे नंबर दिले होते. दोघे पुण्याचे, दोघांकडेही साठेक खुर्च्या. आमच्या काय कामाचे? तिसरा चिकलठाण्याचा, भावाएवढाच. तो म्हणाला, "सिस्टिम बरी होती हो, पण सोडली त्या दिवशी लॉगिन बंद. आमचीच गिऱ्हाइकं आम्हाला दिसेनात. बिलबुकातून पुन्हा उतरवली सगळी." दहा मिनिटांच्या त्या कॉलने जेवढं कळलं तेवढं तासाभराच्या डेमोने नाही. नंतर मी सेल्समनला विचारलं, बाबा, यादी आणि रेकॉर्डिंग सोडताना एक्सेलमध्ये देणार का? लिहून देणार का? "हेड ऑफिसला विचारून सांगतो."

चेक राहिला. पण भावाला ते प्रेडिक्टिव्ह प्रकरण अजून खुणावत होतं, म्हणून एक दिवस फुकट ट्रायल घ्यायची ठरली. त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच जुन्या ग्राहकांच्या यादीवर.

मंगळवारी रात्री आम्ही मावशीकडे जेवायला. भाकरी थापता थापता मावशी म्हणाली, "अरे, आज दुपारपासून तीनदा फोन वाजला. मी आपली हॅलो हॅलो करतेय, समोरून चकार शब्द नाही. तक्रार कुठे करायची रे?"

भावाच्या यादीत पहिलं नाव तिचंच आहे.