चेहरा नको, हात बघा

चौलला गणपतीत ओटीवर पत्त्यांचा डाव बसला, की आमच्यातले दोघं-तिघं लगेच मनकवडे होतात. काकांची पानं जुळली की अडकित्ता थांबतो. धाकट्या आतेभावाच्या हातात काही नसलं की तो उगाच मोठ्यांदा हसतो. या खुणा खऱ्या आहेत, वादच नाही. पण त्या आपल्याला कळतात त्या आपण फार हुशार म्हणून नव्हे, या माणसांना वर्षानुवर्षं बघतोय म्हणून! नेहमीचा काका माहीत असतो, म्हणून बदललेला काका दिसतो.

आज हे लिहायचं कारण असं, की ओटीवर तीन पत्तीत चार आणे-आठ आणे जिंकलेली आमची काही तरुण मंडळी आता पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळायला जायचं म्हणतायत. "समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की कळतं," म्हणे. नाही कळत हो!

मायकल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 साली याचा एक छान अभ्यास छापला. 2009च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या चित्रफिती घेतल्या आणि बघणाऱ्यांना विचारलं, याची पानं किती चांगली असतील? नुसता चेहरा दाखवला तेव्हा अंदाज साफ चुकले, नाणं उडवलं असतं तर बरं अशी गत. नुसते हात दाखवले, चिप्स पुढे सरकवणारे, तेव्हा अंदाज जरा बरे आले. चांगली पानं असणाऱ्याचा हात सहज, न अडखळता जातो. अर्थात फरक लहानच होता, त्यावर घर विकू नये. मला ते पटतं. चेहरा सांभाळायचा हे प्रत्येकाला ठाऊक असतं, हाताकडे लक्ष कोण देतो?

(आणि तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याचा चेहरा काय वाचणार? त्यानेच पानं बघितलेली नसतात!)

त्यापेक्षा माणूस पैसे कसे लावतो ते बघावं. आधीच्या डावांत कधी वाढवले, कधी पानं टाकली. पण त्याला तासन् तास बसून गप्प बघावं लागतं, आणि आमच्या घरात गप्प बसणारा माणूस अजून जन्मायचाय.

बोटीवर समोर बसलेला माणूस तुम्ही पहिल्यांदाच बघत असता. तो मात्र तुमच्यासारखे नवखे रोज रात्री बघतो. शिवाय जिंको कुणीही, डावातला आपला वाटा कॅसिनो कापून घेतंच.