ज्ञानाचा जमाखर्च

आमच्या चाळीतला एक मुलगा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. वडील वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करते. एका रविवारी तो मोबाईल घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, सरांनी हा लेख वाचायला सांगितलाय. पण सुरुवातीच्या चार ओळी झाल्या की पैसे मागतात." आम्ही चष्मा लावून पाहिले. आठ पानांच्या लेखाला पस्तीस डॉलर! म्हणजे तीन हजारांच्या आसपास रुपये. त्याच्या आईला एका घरचे महिन्याला तेवढे मिळत नाहीत.

"हे पैसे लेख लिहिणाऱ्याला मिळतात का रे?" आम्ही विचारले.

"छे! त्याला काहीच मिळत नाही."

आमचा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला, पण असा हिशेब आम्ही पाहिला नव्हता. तो लेख कोणत्या कंपनीचा होता हे गौण आहे. या धंद्याची रीतच तशी आहे. ती आम्ही समजून घेतली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

शास्त्रज्ञ संशोधन करतो. त्याचा पगार आणि प्रयोगशाळेचा खर्च बहुधा सरकार करते, म्हणजे जनता करते. लेख तयार झाला की तो कंपनीच्या जर्नलकडे जातो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवतो. हे परीक्षकही बहुतेक विनामोबदला काम करतात. लेख पसंत पडला की त्याचे हक्क लेखक कंपनीला लिहून देतो. मग तोच लेख वाचण्यासाठी त्याच्याच विद्यापीठाचे ग्रंथालय कंपनीला वर्गणी भरते. पीठ आपले, सरपण आपले, भाकरी थापणारेही आपलेच. आणि भाकरी मात्र विकत घ्यायची!

कोणी म्हणेल, महाग आहे तर दुसऱ्या दुकानात जा. मंडईत ते चालते. एकाकडे कांदा महाग असला तर पुढच्या गाळ्यावर जाता येते. पण एक शोध एकाच जर्नलमध्ये छापला जातो. तो हवा तर त्याच दुकानात जावे लागते. ही गोष्ट ओळखून रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ पासून इंग्लंडमध्ये पर्गामॉन प्रेस ही कंपनी वाढवली आणि नव्या नव्या विषयांची जर्नले काढली. १९९१ साली ती हॉलंडच्या एल्सेव्हिअर कंपनीने विकत घेतली. १८८० साली निघालेली एल्सेव्हिअर आज या धंद्यातली अग्रगण्य कंपनी आहे. वैद्यकातले विख्यात 'लॅन्सेट' तिचेच.

कंपनी काहीच करत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. लेखांची ये-जा सांभाळणे, पाने जुळवणे, जुने अंक जपणे, संगणक यंत्रणा चालवणे याला खर्च येतोच. पण २०१० साली एल्सेव्हिअरची विक्री सुमारे दोन अब्ज पौंडांची होती आणि नफा ७२ कोटी ४० लाख पौंडांचा. म्हणजे शंभरातले छत्तीस! इतका नफा कोणत्या किराणा दुकानदाराला सुटतो?

खुद्द विद्वानांनीच याविरुद्ध आवाज उठवला. २०१२ साली केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी पुढाकार घेतला आणि हजारो संशोधकांनी एल्सेव्हिअरशी असहकार पुकारला. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने तिची वर्गणीच बंद केली. अखेर २०२१ साली नवा करार झाला. त्या विद्यापीठाचे लेख जगाला मोफत वाचता यावेत, हे त्यात मान्य झाले.

पण येथेही एक मेख आहे. वाचकाला लेख मोफत दिला, तर पुष्कळ जर्नले लेखकाकडून शुल्क घेतात. 'नेचर'ने २०२१ पासून त्यासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. नाका तोच राहिला, फक्त रस्त्याच्या या टोकाचा त्या टोकाला गेला.

आता आपल्या देशाचे पाहू. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नले. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांसाठी ती आहे. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. योजना चांगलीच आहे. पण हे पैसे आकाशातून पडलेले नाहीत. साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या त्या मुलाच्या आईचेही त्यात आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपली मुले-मुली सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असतील, तर त्यांनी ग्रंथपालांना ही योजना आपल्याकडे सुरू आहे का, हे अवश्य विचारावे. लेख तरीही मिळाला नाही, तर लेखकालाच पत्र पाठवून प्रत मागावी. पुष्कळजण आनंदाने देतात. आणि "पैसे भरा, आठ दिवसांत लेख छापतो" म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

आमच्या चाळीतल्या मुलाने ग्रंथालयात विचारले आणि तिसऱ्या दिवशी लेख मिळवला. त्याला विचारायचे ठाऊक नव्हते, एवढाच अडसर होता. ज्याचे पैसे आपण आधीच भरले आहेत, ते मागायला लाजायचे कशाला?